बेडूकवाल्या बाई

बाईंच्या दारात चपला नुसत्या काढून चालत नसे, त्या धुवाव्या लागत. उंबऱ्याबाहेर एक निळा टब असे आणि त्यात ब्लीचिंग पावडर कालवलेलं पाणी. मी खोली बघायला म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा बाईंनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं आणि विचारलं, "कुठून आलात?"

"ठाण्याहून. ऑफिसमधून."

"मधे कुठे शेतात, तळ्यावर, नर्सरीत?"

"नाही हो. मी विमा कंपनीत आहे."

"मग राहू द्या," असं म्हणून त्या आत वळल्या. विमा कंपनीतल्या बाईच्या पायाला काय लागणार, असा काहीसा त्यांचा आविर्भाव होता.

लॉकडाऊन नुकतंच उठलेलं. लोक अजून मेथीच्या जुड्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवत होते, दाराच्या कड्या कोपराने उघडत होते. त्यामुळे टबाचं मला फारसं नवल वाटलं नाही. बाई जरा जास्तच घाबरलेल्या दिसतात, एवढंच वाटलं. तो टब साथीच्या कितीतरी आधीपासून तिथे होता आणि माणसांसाठी नव्हताच, हे मला राहायला आल्यावर कळलं.

मी तेव्हा नवऱ्याचं कल्याणचं घर सोडलेलं. काही दिवस डोंबिवलीला बहिणीकडे काढले. बहीण बिचारी काही बोलत नसे, पण तिच्या सासूबाई रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना विचारत, "मग, काय ठरलं?" मला कुणी काही विचारणार नाही अशी जागा हवी होती. ती मला ठाकुर्लीला मिळाली. जुन्या तीन मजली बिल्डिंगमध्ये वरचं घर, त्यातली आतली खोली माझी. बाई स्वतः बाहेर दिवाणावर झोपत. वडील रेल्वेत होते, त्यांनी घेतलेलं हे घर. बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. पुण्याला जनावरांच्या रोगांच्या सरकारी प्रयोगशाळेत आयुष्यभर नोकरी केली, आई आजारी पडली तेव्हा निवृत्ती घेऊन इथे आल्या, आई गेली, आणि त्या इथेच राहिल्या.

पहिल्या दिवशी मी सवयीने त्यांना मावशी म्हटलं.

"मी तुमच्या आईची बहीण नाही," त्या म्हणाल्या. रागाने नाही, चुकीची दुरुस्ती करावी तशा. "मॅडम म्हणा. नाहीतर काही नाही म्हटलंत तरी चालेल, घरात दोघीच आहोत. कुणाशी बोलताय ते कळेल मला."

तोंडावर मी त्यांना मॅडमच म्हणायचे. मनात मात्र त्या बाईच राहिल्या, आणि बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना बेडूकवाल्या बाई म्हणत.

स्वयंपाकघरात दोन फ्रिज होते. डावा आपला. उजव्याला कुलूप. "उजव्याला हात लावायचा नाही," हा घरातला एकच नियम त्यांनी मला सांगितला. पुढे एकदा त्यांनीच तो उघडून दाखवला. आत बारक्या बारक्या झाकणाच्या बाटल्या, प्रत्येकीवर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, आणि बाटलीत बोटाच्या पेराएवढं काहीतरी पांढुरकं. बेडूक, बेडकांची शेपटीवाली पिल्लं, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्यांना आपण बेडूकमासे म्हणून शिकलो ते, नाहीतर त्यांचं नुसतं यकृत. सगळे मेलेले सापडलेले. वनखात्याची परवानगी त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कायम पर्समध्ये बाळगत, रेशनकार्डासारखी.

"ह्यांना काय झालेलं?" मी विचारलं.

"तेच तर बघायचंय. रानाव्हायरस असावा."

"रानात होतो म्हणून रानाव्हायरस?"

त्या पहिल्यांदा हसल्या. हसल्यावर त्यांचा चेहरा एकदम शाळेतल्या मुलीसारखा व्हायचा आणि लगेच मिटायचा. "नाही. लॅटिनमध्ये राना म्हणजे बेडूक. पण तुझं जास्त बरं आहे." त्या दिवसापासून मी तुम्हीची तू झाले.

मग त्यांनी मला तो रोग समजावून सांगितला. पिल्लांच्या अंगावर लाल डाग उठतात, पोट फुगतं, ती पाण्यात गोल गोल फिरायला लागतात आणि उलटी होतात. पावसाने भरलेलं, वळवळणारं तळं आठवड्याभरात गप्प होतं. मोठे बेडूक कधी कधी वाचतात, पण वाचलेल्याच्या अंगात विषाणू राहू शकतो आणि तो जिथे जाईल तिथे घेऊन जातो. चिखलातून जातो, जाळ्यातून जातो, बुटातून जातो.

"आणि माणसाला?"

"माणसाला काही होत नाही."

"मग माणसाला ह्याचा उपयोग काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि फ्रिजला कुलूप घातलं.

हे उत्तर त्या सगळ्यांना देत. नातेवाइकांना, सोसायटीच्या सेक्रेटरींना, एकदा बँकेत पेन्शनच्या रांगेत शेजारच्या गृहस्थांना. दुसऱ्या कुणी दोन वाक्यं जोडली असती, निसर्गाचा समतोल वगैरे. बाई नुसतं "काही नाही" म्हणत आणि समोरचा माणूस तोंडात बोलणं राहिल्यासारखा उभा राही.

बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली गमबुटांची रांग असे. प्रत्येक जोडावर ऑइलपेंटचा एक ठिपका: पिवळा, हिरवा, पांढरा. प्रत्येक तळ्याचा वेगळा जोड. एका पाण्याचे बूट दुसऱ्या पाण्याला न्यायचे नाहीत. पावसाळ्यात त्या उजाडताच निघत. शीळफाट्याकडची खाचरं, दिव्याकडची डबकी, मलंगगडाच्या वाटेवरच्या खाणी. पाठीवर सॅक, हातात पिशवीत त्या दिवशीचे बूट. दुपारच्या आत परतायची त्यांना घाई असे. म्हणायच्या, "मेलेला बेडूक सकाळी बोलतो. दुपारी नुसता वास मारतो." आल्यावर बूट घासायचे, टबात बुडवायचे, वाळत टाकायचे. त्या पाण्याने त्यांच्या हातांची सालं निघालेली असत. मी एकदा कोकमतेल आणून दिलं. त्यांनी ते काळजीपूर्वक कपाटात ठेवलं आणि कधीच लावलं नाही. तेलकट हाताने बेडूक धरायचा नसतो म्हणे.

सोसायटीचं प्रकरण मी तिथे गेल्यावर थोड्याच दिवसांत झालं. कुणीतरी ग्रुपवर टाकलं की वरच्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये व्हायरस आहेत. त्या दिवसांत तो शब्द म्हणजे काय होता ते सांगायला नको. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. सगळे मास्क लावून, खुर्च्या लांब लांब ठेवून बसलेले. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "मॅडम, तुमच्या शिक्षणाचा आम्हाला आदर आहे. पण घरात लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत."

बाई उभ्या राहिल्या. "हा विषाणू थंड रक्ताच्या प्राण्यांचा आहे. तुमच्या शरीरात तो वाढूच शकत नाही. तुम्ही त्याच्यासाठी फार गरम आहात."

"मी कुठे गरम होतोय, मॅडम? मी शांतपणेच बोलतोय ना!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंना हसू कशाचं ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा, अगदी शाळेतल्यासारखं, शरीराचं तापमान आणि विषाणूची वाढ समजावून सांगायला सुरुवात केली, आणि जितकं सांगत गेल्या तितकी माणसं खुर्च्या मागे सरकवत गेली. शेवटी मी उठून म्हटलं, "मी त्याच घरात राहते. मला काही झालंय का?" तेव्हा कुठे विषय संपला. फ्रिज राहिला. पण दूधवाला पिशवी खाली जिन्यात ठेवून जाऊ लागला, आणि समोरच्या घरातली आई मुलांना आमच्या दारावरून हाताला धरून न्यायला लागली.

बाईंना ह्याचं काही वाटत नाही अशी माझी समजूत होती. पुढच्या संक्रांतीला मी ऑफिसमधून आले तर टेबलावर ताटलीत तिळाच्या वड्या, वर स्वच्छ रुमाल झाकलेला. बाईंनी साडी नेसलेली. त्यांना मी साडीत कधी बघितलं नव्हतं. खालच्या मजल्यांवरून "तिळगुळ घ्या" चे आवाज येत होते, जिन्यात पावलं वाजत होती, ती मधल्या मजल्यापर्यंत येत आणि परत खाली जात. बाई दिवाणावर बसून काहीतरी वाचत होत्या. पान उलटत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "डब्यात भरून ठेव. टिकतात त्या," आणि साडी बदलायला उठल्या.

माझ्या बाबतीत त्यांनी एकदाच काही केलं. घटस्फोटाची नोटीस आली त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडत होते. बाई दारात आल्या, थांबल्या. काय करावं ते त्यांना सुचेना हे मला पाठमोरीलाही कळत होतं. मग नळ सुटल्याचा आवाज आला. त्यांनी साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, बोटांचं पेर न् पेर धुतलं, कोरडे पुसले, आणि मग एक हात माझ्या डोक्यावर ठेवला. खरखरीत, ब्लीचचा वास येणारा हात. बराच वेळ ठेवला.

मी तिथे तीन वर्षं राहिले. नंतर माझी बदली झाली आणि मी पुण्याला आले. बाई अजून तिथेच आहेत. फोन केला तर उचलतात आणि "बोल" म्हणतात. मी काही बोलले नाही तर त्याही बोलत नाहीत, पण ठेवतही नाहीत. पलीकडे पंखा फिरत असतो, कधी कुकरची शिट्टी होते. आम्ही दोघी तशाच बसून राहतो.

पण मला सांगायचंय ते तळ्याचं.

शीळफाट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक जुनं तळं होतं. भोवतालची भातशेती एका आगरी कुटुंबाची, ती त्यांनी टॉवरसाठी विकलेली. तळ्यात भराव पडायला लागला होता, पण तेवढ्यात पाऊस आला आणि डंपर थांबले. त्या पावसात बेडकांनी तिथे अंडी घातली. पुढे पावसाने दडी मारली, ऊन पडलं, आणि डंपर पुन्हा आले. त्या सकाळी बाई तळ्यावरून आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. बूटसुद्धा टबात टाकायचे विसरल्या. त्यांच्या बाटल्यांमध्ये लालसर पोटाची मेलेली पिल्लं होती.

"इथे पोचला," एवढंच म्हणाल्या.

त्याच रविवारी त्यांनी मला विचारलं, "आज माझ्याबरोबर येशील?" असं त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं. कुणीतरी त्यांना फोन केला होता. शेजारच्या एका नव्या टॉवरमधली काही मुलं-मुली तळ्यातले बेडूक वाचवणार होती, आणि तुम्ही बेडकांचं काम करता असं ऐकलं, तर मदतीला याल का, असं विचारत होती.

आम्ही पोचलो तेव्हा दहा-बारा जण काठावर होते. बादल्या, पिठाच्या चाळण्या, मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, कपडे धुवायचे टब. त्यांची पुढारी एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, आयटीत नोकरी करणारी, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी होती. तिच्या बादलीत दोन मोठे पिवळेजर्द बेडूक होते. बाईंना बघून ती आनंदाने ओरडली, "मॅडम, आलात! हे बघा ना, कसले क्यूट आहेत! आम्ही ह्यांना दुसऱ्या तळ्यात सोडणार."

बाई म्हणाल्या, "बादली खाली ठेव."

"काय?"

"ते परत पाण्यात सोड. इथून एकही बेडूक हलवायचा नाही. ह्या पाण्यात रोग आहे. हे जिथे न्याल तिथले सगळे मरतील."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पलीकडच्या काठाला डंपर मागे येत होता, त्याची टूं टूं चालू होती. मुलगी पाण्यातून बाहेर आली. "पण मॅडम, इथे ठेवले तर हे तासाभरात गाडले जातील. जिवंत!"

"हो."

"मग? तिकडे निदान चान्स तरी आहे ना?"

"ह्यांना आहे. तिथल्यांना नाही."

"तुम्हाला नक्की माहीत आहे? टेस्ट वगैरे केलीय?"

बाई क्षणभर थांबल्या. तो क्षण मी बघितला. मग त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

एकेकाने बादल्या ओतल्या. एक मुलगा मोबाइलवर हे सगळं चित्रित करत होता. ती मुलगी सगळ्यात शेवटी गेली. जाताना बाईंना म्हणाली, "मला वाटलेलं तुम्हाला ते आवडतात."

मुलं गेली, आम्ही थांबलो. शेताचा म्हातारा मालक छत्री घेऊन आला. जमीन विकली तरी रोज येऊन बसत असावा. तो बाईंना म्हणाला, "बाय, बाजूला व्हा. डंपर मागं येतंय, त्याला दिसाचं नाय." बाई दोन पावलं मागे सरल्या. माती पडत गेली. बेडूक काठाकडे येत, पुन्हा माती पडे. बाईंनी एकदाही मान वळवली नाही. म्हाताऱ्याने शेवटी त्यांच्या डोक्यावर आपली छत्री धरली. ऊन होतं म्हणून असेल.

संध्याकाळी घरी जेवताना मी त्यांना म्हटलं, "मॅडम, एवढं कठोर कसं व्हायला जमलं तुम्हाला?" मला खरंच राग आलेला.

त्यांनी चमचा खाली ठेवला. सांगू लागल्या की पुण्याला असताना त्यांना एका खाचरात अशीच मेलेली पिल्लं सापडली होती. रोग कसला ते माहीत नव्हतं. नमुने घेतले आणि त्याच पावली, त्याच बुटांनी त्या टेकडीपलीकडच्या देवराईतल्या कुंडावर गेल्या. तिथे त्यांची अनेक वर्षांची निरीक्षणं चालू होती. थोड्याच दिवसांत ते कुंड गप्प झालं. तपासणीत दोन्हीकडे तोच विषाणू निघाला. "मीच नेला," बाई म्हणाल्या. "दुसरं कुणी जातच नव्हतं तिथे." आणि पुन्हा जेवू लागल्या.

तो व्हिडिओ डोंबिवलीभर फिरला. लोकांनी खाली काय काय लिहिलं ते मी बाईंना दाखवलं नाही. त्यांनी ते बघितलं होतं, हे मला नंतर कळलं.

तळ्यातले नमुने त्यांनी दक्षिणेतल्या एका विद्यापीठात ओळखीच्या संशोधक बाईंकडे पाठवले होते. तिकडे काम खोळंबलेलं, यंत्र बिघडलेलं. दिवाळी गेली, उन्हाळा आला. आणि एक दिवस मी ऑफिसमधून आले तर बाई टेबलाशी कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. दिवा लावला नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही?"

"विषाणू. एकाही नमुन्यात नाही. त्यांनी दोनदा तपासलं."

"मग ती पिल्लं कशाने मेली?"

"पाणी आटत होतं. तापलं असेल. मातीने हवा कमी पडली असेल. जखमा झाल्या की पोट लालच दिसतं." त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. "वाचले असते ते बेडूक."

मी त्यांना सावरायला बघितलं. म्हटलं, नमुने नीट आले नसतील, सगळ्याच बेडकांचे कुठे तपासले, आणि त्या वेळी तुम्हाला हे कळणं शक्यच नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कळणं शक्य नव्हतं, बरोबर," त्या म्हणाल्या. "मी त्या मुलीला 'रोग असू शकतो' म्हटलं असतं, तर तिने ऐकलं नसतं, पण मी खरं बोलले असते. मी 'माहीत आहे' म्हटलं. मला माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बाई त्या मुलीचा पत्ता शोधायला लागल्या. फोन त्यांना नको होता. म्हणाल्या, हे समोर उभं राहून सांगायचं असतं. शनिवारी आम्ही गेलो. उंच टॉवर, गेटवर नोंद, लिफ्टमध्ये आरसा. बाई आरशात बघून पुन्हा पुन्हा केस नीट करत होत्या. मला वाटलं, अख्ख्या सोसायटीपुढे उभी राहिलेली ही बाई एका पोरीला भेटायला घाबरतेय.

मुलीने दार उघडलं आणि ती पांढरी पडली. बाईंनी दारातच सांगून टाकलं. "तपासणी झाली. त्या तळ्यात रोग नव्हता. मी तुला चुकीचं सांगितलं. खात्री नसताना आहे म्हणाले. ते तुझ्यामुळे वाचले असते, माझ्यामुळे गेले. एवढंच सांगायला आले."

मुलीने एकदम दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथेच चपलांच्या स्टँडवर बसली. मला वाटलं रागाने रडतेय. पण ती म्हणत होती, "म्हणजे मी कुणाला मारलं नाही? मॅडम, म्हणजे मी नाही मारलं ना?"

हळूहळू कळलं. त्या दिवशी सगळ्यांनी बादल्या ओतल्या, पण एक झाकणाची बादली आधीच तिच्या स्कूटरवर ठेवलेली होती. ती तिने ओतली नाही. तडक मलंगगडाच्या रस्त्याला गेली आणि एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या पाण्यात ते बेडूक सोडले. त्या संध्याकाळी बाईंचे शब्द तिला पहिल्यांदा नीट ऐकू आले. त्यानंतर ती त्या रस्त्याला फिरकली नव्हती. "मला वाटायचं, तिथे सगळे मरून पडले असतील. माझ्यामुळे. कुणाला सांगणार? घरी सांगितलं तर हसले असते, बेडकांसाठी काय रडतेस म्हणून."

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "वर्षभर?" त्यांनी विचारलं.

मुलीने मान हलवली.

"वर्षभर," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

पाऊस नीट लागल्यावर आम्ही तिघी खाणीवर गेलो. मुलीसाठीही एक कोरा जोड घेतला होता बाईंनी, अंदाजाने. तो तिला मोठा झाला आणि ती फताक फताक चालत होती. खाणीच्या कपारीत पाणी साचलेलं, कडेला गवत. चार वाजले असतील. आधी काहीच ऐकू आलं नाही. मुलगी माझा दंड घट्ट धरून उभी होती. मग पलीकडून एक जाड, घोगरा आवाज आला, त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि बघता बघता सगळी खाण ओरडायला लागली. बाई पाण्यात उतरल्या. ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांजवळ नेलं. काळी काळी पिल्लं त्यांच्या बोटांमधून निसटत होती.

"मॅडम, हे तेच आहेत? मी सोडलेले?" मुलीने ओरडून विचारलं.

बाई बराच वेळ पाण्यात बघत राहिल्या. "इथे आधीपासूनही असतील," त्या म्हणाल्या. "तेच आहेत असं मी म्हणणार नाही."

"पण असू शकतात ना?"

"असू शकतात," बाई म्हणाल्या. आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "असू शकतात."

परतताना रस्त्यावर रिक्षा मिळाली. मागच्या सीटवर तिघी दाटीवाटीने बसलो, बाई मधे. बाहेर भुरभुर पाऊस होता. थोडं पुढे गेल्यावर बाईंचा डोळा लागला, मान कलली आणि त्या मुलीच्या खांद्यावर टेकल्या. तीन वर्षांत मी त्यांना कधी कुणाला टेकलेलं बघितलं नव्हतं. मुलगी आधी दचकली, मग तिने खांदा जरा खाली केला, म्हणजे बाईंची मान अवघडू नये.

"दादा, जरा हळू घ्या ना," ती रिक्षावाल्याला हलक्या आवाजात म्हणाली.

"ताई, रस्ताच असा आहे," तो म्हणाला. पण त्याने आरशातून मागे बघितलं आणि रिक्षा हळू केली.